पेन्सिलीतली माणसं

मेश्राम बाईंच्या टेबलावर तीन गोष्टी एका ओळीत असत. निळं पेन, लाल पेन आणि पेन्सिल. निळं जन्मासाठी, लाल मृत्यूसाठी. या दोन्हींच्या मधलं, ज्याचा भरवसा देता येत नाही असं सगळं त्या पेन्सिलीने लिहीत.

आमचा कारखाना रसमड्याला होता. भिलाईच्या मोठ्या प्लांटला लागणारे लोखंडी भाग तिथे ओतत. कामगार आठशेच्या आसपास. त्यांच्यासाठी फाटकाजवळ एक दवाखाना होता, आणि कोणाच्या घरातल्या कोणाला तिथे औषध मिळेल याचं एक जाडजूड रजिस्टर होतं. ते मेश्राम बाईंकडे. कामगाराच्या टोकन नंबराचं एक पान, पानावर आधी तो स्वतः, आणि खाली त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं.

मी तिथे लागले तेव्हा बाई पन्नाशीच्या पुढे होत्या. उंच, काटक, सुती पातळ, हातात घड्याळ आणि केसांत तेलाचा वास. पेन्सिलीला टोक करायला अर्धं ब्लेड वापरत आणि सालपटं जुन्या पाकिटात गोळा करत. जमिनीवर एक सालपट पडलेलं मी कधी पाहिलं नाही. नवी सून आली की तिचं नावही वर्षभर पेन्सिलीतच राही. नवरदेव तक्रार करायचा, "बाई, बारात में तो आप भी आई थी।" बाई मान वर न करता म्हणायच्या, "जेवण चांगलं होतं बेटा। अब टिकने दे।"

कोणी नवं नाव घालायला आला की त्या "नाव काय" असं आधी विचारत नसत. "किसके चूल्हे पर खाता है?" हा पहिला प्रश्न. कागद मागाहून. त्यांचं म्हणणं, कागद कोणीही आणतो, चूल खोटी आणता येत नाही.

एकदा एक वेल्डर एका तरुणाला घेऊन आला. भाऊ आहे म्हणाला, पोटाचं दुखणं आहे, नाव चढवा. कागदावर सरपंचाचा शिक्का होता. बाईंनी कागद बाजूला ठेवला, त्याच्या घरची, शेतीची विचारपूस केली, आणि बोलता बोलता विचारलं, "आणि इसकी माँ तुम्हारी माँ को क्या बुलाती है?"

"समधन," वेल्डर म्हणाला.

खोलीतले सगळे हसले. समधन म्हणजे विहीण; तो तरुण मेहुणा निघाला, आणि वेल्डर तोंड लपवायला जागा शोधू लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या तरुणाला सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी पोटाचा डॉक्टर बसतो ते कागदावर लिहून दिलं, आणि वेल्डरला म्हणाल्या, "साले को भाई मानता है, अच्छी बात है। पर रजिस्टर नहीं मानता।"

मी याच्या अगदी उलट टोकाला होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींमध्ये शक्य तितकं कमी बोलणारी. नागपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आले होते. भिलाईतल्या पावर हाउस भागातून कारखान्याची बस पकडायची, खिडकीशी बसायचं, उतरायचं, थंड खोलीत जाऊन पडद्यासमोर बसायचं. खन्ना साहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांनी मला एकच काम दिलं होतं, दवाखान्याचं रजिस्टर कॉम्प्युटरवर आणणं. एक मार्चपासून छापील यादीच चालणार होती आणि रजिस्टर रद्दीत जाणार होतं.

मी पुस्तकात शिकवलं होतं तसं केलं. आधी चार्ट पेपरवर आकृती काढली. ज्या ज्या गोष्टींची माहिती ठेवायची त्यांची एकेक चौकट. दोन चौकटींमध्ये एक तिरपा चौकोन, त्यात त्यांच्यातलं नातं. आणि रेघेच्या टोकांवर लिहायचं, या बाजूला एक की अनेक. कामगार ही साधी चौकट. त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं ही दुहेरी रेघेची चौकट. कामगाराच्या टोकाला 'एक', माणसांच्या टोकाला 'अनेक'. आकृती नेटकी दिसत होती. मी ती भिंतीवर लावली.

मग रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. बाई शेजारी खुर्ची घेऊन बसत, मी अडखळले की अक्षर लावून देत. मला देवनागरी वाचायला वेळ लागायचा, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्या कधी काही बोलल्या नाहीत, फक्त बोट ओळीखाली ठेवत. दुपारी डबा उघडला की त्या आपलं झाकण मधोमध सरकवत आणि क्षणभर थांबत. मी पहिल्या दिवशी त्यातली भाजी घेतली. त्या थांबण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला: मेश्रामांच्या डब्यातलं कोणी खातं का, हे त्या बघत होत्या.

तिसऱ्या-चौथ्या पानावर पेन्सिलीतली नावं आली. काही ठिकाणी खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता की पलीकडची अक्षरं दिसत. मी विचारलं, "हे पेन्सिलवालं रफ आहे ना? सोडून देऊ?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "साहेबानं तसं सांगतलं काय?"

साहेबांनी काहीच सांगितलं नव्हतं. ते माझ्याच मनात आलं होतं, आणि माझ्या मनात आलं असं सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "हो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि बोट पुढच्या निळ्या ओळीखाली ठेवलं.

फेब्रुवारीत दवाखान्याला चाचणीसाठी पहिली छापील यादी गेली. दोनच दिवसांनी दुपारी बाईंच्या टेबलापाशी एक म्हातारी येऊन जमिनीवर बसली. ठेंगणी, हातापायावर गोंदलेलं, दोन्ही डोळ्यांत पांढरं, उजव्यात जास्त. नाव सुकवारो. तिचे दोन मुलगे आमच्याकडे होते, थोरला देवनाथ भट्टीवर, धाकटा रामनाथ मशीन शॉपमध्ये. देवनाथचं घर जामुलला, रामनाथचं दुर्गच्या बाजूला. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण आईची वाटणी त्यांनी न भांडता केली होती. हरेलीपासून छेरछेऱ्यापर्यंत ती रामनाथकडे, छेरछेऱ्यापासून हरेलीपर्यंत देवनाथकडे. म्हणजे आषाढ अमावास्येला, नांगर पुजायच्या सणाला, ती एका घरातून निघे आणि पौष पौर्णिमेला, पोरं दारोदार धान मागतात त्या सणाला, परत येई.

बाई हे सगळं पेन्सिलीने सांभाळत होत्या. हरेलीला देवनाथच्या पानावरून सुकवारो पुसायची, रामनाथच्या पानावर लिहायची. छेरछेऱ्याला उलट.

"मोर नाव नइ हे कहिथे, बाई," सुकवारो म्हणाली. दवाखान्यातल्या साहू कंपाउंडरने यादी पाहून तिला परत पाठवलं होतं. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. मोतीबिंदू काढायला दुर्गच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या सोमवारची तारीख मिळाली होती, आणि तिथे आमच्या यादीचा शिक्का लागत होता. "मैं तो दूनो झन के दाई अंव. एको झन के नइ अंव का?"

दोघांचीही आई आहे, मग एकाचीही नाही का, असं ती विचारत होती. मी पडद्याकडे बघत बसले.

बाईंनी तिला पाणी दिलं. मग कोऱ्या कागदावर हाताने लिहिलं की सदर महिलेचं नाव रजिस्टरात अमुक पानावर पेन्सिलीने आहे, खाली सही केली, आपला शिक्का मारला आणि स्वतः चालत दवाखान्यात गेल्या. पाऊण तासाने परत आल्या. "साहू मानून राहिला. एक तारखेपर्यंत. मग म्हणते, कागद नाही चालणार."

त्यांनी रजिस्टर उघडलं. "चल, मोजू."

आम्ही दोघींनी पान पान उलटून पेन्सिलीतली माणसं मोजली. चाळीसच्या वर निघाली. दोन मुलांत फिरणाऱ्या आया. गावाहून आणून वाढवलेली पुतणी. टाकलेली बहीण, जी कधी परत जाते, कधी येते. कोणीच रफ नव्हतं. आणि शेवटच्या काही पानांत एक पान आलं, ज्यावर वर पुसट पेन्सिलीत लिहिलं होतं, 'कौसल्या मेश्राम, स्वतः.' त्याखाली मुलाचं नाव, निळ्या शाईत.

"बाई, हे तुमचंच?"

"हो न."

"मग तुम्ही पण यादीत नाही."

"माहीत आहे मले."

त्या पान बोटाने सपाट करत राहिल्या. मग पंधरा वर्षांपूर्वीचं त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक इथेच क्रेन चालवायचे. काविळीने गेले. रजिस्टर तेव्हा दुसऱ्या बाबूकडे होतं. त्याने मालकांच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच लाल रेघ मारली. मालक, बायको, पोरगा, सगळे त्या रेघेत. "ते गेले, आमी जिवंत होतो. पण पानावर आमी पण गेलो." चार महिन्यांनी मालकांच्या जागी त्यांना नोकरी मिळाली आणि हेच रजिस्टर हातात आलं. पहिली नोंद त्यांनी स्वतःची केली. "पेन्सिलीनं केली. नोकरी टिकते का नाही, कोणाले माहीत. नंतर पेनानं करायचं राहून गेलं."

मग त्यांची नजर भिंतीवरच्या आकृतीकडे गेली. इतके दिवस ती त्यांच्यासमोर होती, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "हे शंकरपाळं मधात काय आहे?"

मी सांगितलं, ते नातं. चौकटी म्हणजे माणसं.

"अन् इले डबल भिंत कावून?"

"ती कमजोर चौकट आहे. पुस्तकात तसंच म्हणतात. तिला स्वतःची ओळख नसते. कामगाराच्या टोकनवरूनच ती ओळखायची. तो गेला की तीही जाते."

बोलता बोलताच मला ऐकू आलं, मी काय म्हणत होते ते. बाई आकृतीपाशी उभ्या राहिल्या, दुहेरी रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे लाल रेघ तू आधीच मारून ठेवली," त्या म्हणाल्या. रागाने नाही. रजिस्टरातली चूक दाखवावी तशा.

मी तेव्हा सांगितलं. साहेबांनी पेन्सिल सोडायला सांगितलं नव्हतं, ते माझंच होतं, आणि मी खोटं बोलले होते. बाईंनी ऐकून घेतलं. रजिस्टर बंद केलं, पेन्सिल जागेवर ठेवली आणि घरी गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा आपल्या टेबलावरच खाल्ला. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आल्या, झाकण मधोमध सरकवलं आणि म्हणाल्या, "साहेबाचं नाव होतं म्हणून मी चूप बसली. नाहीतर तुले तवाच बोलली असती. आता सांग, सुकवारोले कुठे बसवतेस?"

मी जुन्या यादीच्या पाठीमागे नवी आकृती काढली. बाई बघत होत्या. मी म्हटलं, प्रत्येक माणसाला स्वतःचा नंबर द्यायचा. कामगार असो, म्हातारी असो, तान्हं मूल असो. जन्मभर तोच नंबर.

"साध्या भिंतीची चौकट?"

"साध्या भिंतीची."

"मग कोण कोणाचं, हे कसं समजन?"

मी शंकरपाळ्याकडे बोट दाखवलं. नातं आता नुसती रेघ राहणार नव्हती, त्याची स्वतःची नोंद होणार होती. कोणाचा नंबर, कोणाच्या घरी, कधीपासून, कधीपर्यंत. सुकवारोला दोन मुलगे असले तरी हरकत नाही. दोन्ही टोकांना 'अनेक'. फक्त एका वेळी एकच नोंद उघडी.

बाईंनी बराच वेळ तो कागद पाहिला. "हे तं माझंच आहे," त्या म्हणाल्या. "मी इचारतो न, किसके चूल्हे पर. तेच तू शंकरपाळ्यात भरून राहिली." मग त्यांनी हिशेब घातला की काम किती. माझ्या मते तीन आठवडे. एक मार्चला उरले होते नऊ दिवस.

खन्ना साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी गेलो. मला वाटलं होतं बाई बोलतील. साहेबांनी विचारलं, "क्या प्रॉब्लम है?" आणि बाई माझ्याकडे बघत हात बांधून उभ्या राहिल्या. मी म्हटलं की यादीत चाळीस माणसं कमी आहेत, चूक रजिस्टरची नाही, बाईंचीही नाही, माझी आहे. मी न विचारता सोडून दिली.

साहेबांनी चष्मा काढला. "दो लड़के कमाते हैं तो माँ किसी एक के नाम कर दो। बात ख़तम।"

"किसके नाम, साहब?" आता बाई बोलल्या. "देवनाथ के नाम करो तो हरेली के बाद बुढ़िया बीमार नहीं पड़ेगी क्या? और दोनों भाई में जो बिना झगड़े चल रहा है, उसमें झगड़ा हम लगाएँगे?"

साहेबांनी नवा कागद ओढून घेतला. मधल्या नोंदीच्या फाइलला मी जे नाव दिलं होतं, तिथे त्यांचं बोट थांबलं. "ये चूल्हा क्या है?"

"रिलेशनशिप, सर," मी म्हटलं.

ते बाईंकडे बघून किंचित हसले. एप्रिलची पंधरा तारीख मिळाली. त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि तोवर दवाखान्यात रजिस्टरच चालेल. सुकवारोचा डोळा ठरल्या सोमवारी झाला, बाईंच्या हातच्या चिठ्ठीवर. दुसरा डोळा मात्र राहिला. तिथल्या डॉक्टरांनी उशीर झाला असं सांगितलं. तो उशीर आमच्या यादीचा नव्हता, पुष्कळ आधीचा होता. तरी मला तो आठवतो.

नवं काम आम्ही वेळेत केलं. बाई पेन्सिलीतलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचत आणि कोण कुठे कधी होतं ते तोंडपाठ सांगत. पानावरून कितीतरी वेळा पुसलेलं त्यांच्या डोक्यात तसंच होतं.

हरेलीच्या दिवशी त्या सवयीने माझ्याकडे आल्या. "सुकवारोले रामनाथकडे पाठव." मी पडद्यावर तिची देवनाथकडची नोंद काढली, 'पर्यंत'च्या रकान्यात आजची तारीख घातली, आणि रामनाथच्या नावाने नवी नोंद उघडली.

"जुनं पुसलं काय?"

"नाही बाई. पुसायची गरज नाही. ते झालेलं आहे, राहू दे."

त्या पडद्यावर वाकल्या. एकाखाली एक दोन्ही ओळी होत्या. "पुसत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "माझं दाखव."

मी त्यांचा नंबर टाकला. मालकांच्या नावाने एक नोंद आली, बंद झालेली. जुन्या रजिस्टरातल्या त्या लाल रेघेखालून अक्षर लावून मीच ती भरली होती, त्यांना न सांगता. त्याखाली दुसरी, कामगार म्हणून, उघडी.

"हे दोन्ही मीच?"

"दोन्ही तुम्हीच. नंबर एकच."

बाईंनी चष्मा पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. रजिस्टर कधी रद्दीत गेलं ते मला माहीत नाही. त्यानंतर त्यांच्या टेबलावर निळं पेन आणि लाल पेन दिसायचं. पेन्सिलही होती, पण टोक बोथट झालेलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी रजेवर होते. खरं सांगायचं तर निरोपसमारंभात बोलावं लागेल म्हणून रजा घेतली होती. त्यांचा मुलगा संजय तोवर मशीन शॉपमध्ये कायम झाला होता. वर्षभराने त्या आमच्याकडे आल्या, मुलाची आई म्हणून दवाखान्याची वही करून घ्यायला. खिडकीवर आता नवी मुलगी बसत होती. मी मागे काचेपलीकडे होते. बाई बारीक झाल्या होत्या, पातळ तसंच सुती, हातात तेच घड्याळ.

"बेटे का टोकन नंबर बोलिए, अम्मा," ती मुलगी म्हणाली.

"पहले मेरा नंबर डाल," बाई म्हणाल्या आणि नंबर सांगितला.

"वो ज़रूरत नहीं है, बेटे का—"

"ज़रूरत है। डाल तो।"

मुलीने नंबर टाकला. मग मुलाचा टोकन, आजची तारीख. बाईंनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकवले, टाचा उचलल्या आणि मान लांब करून पडदा उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला. त्यांना काही दिसलं नसणार.

"कितनी लाइन है?" त्यांनी विचारलं.

मुलगी गोंधळली. "लाइन? तीन है, अम्मा।"

"सबके आगे नंबर एक ही है न?"

"हाँ, एक ही है।"

बाईंनी टाचा खाली टेकवल्या. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी उठलेही, पण दारापर्यंत पोचेतो त्या वही पिशवीत घालून फाटकाकडे वळल्या होत्या, उन्हात, घाई न करता, दुपारची बस चुकणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारख्या.